तिजोरी रिकामी असताना नवी विमाने घ्यावीत का?

एका वाचकाने विचारले आहे: "एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सने २००५-०६ मध्ये मिळून १११ विमाने मागवली आणि त्यातच त्या बुडाल्या, असे सगळे सांगतात. मग २०२३ मध्ये तोट्यातच असलेल्या एअर इंडियाने ४७० विमाने मागवली, तेव्हा टाळ्या का पडल्या? हातात पैसा नसताना आहेत तीच विमाने आणखी काही वर्षे चालवणे शहाणपणाचे नाही का?"

विमाने घेणे, भाडेपट्ट्याने आणणे आणि मुदत संपली की परत करणे, याच कामात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो की तोट्यातल्या कंपनीने नवी विमाने घेणे हे मुळातच चूक नाही. पुष्कळदा तोट्यातून बाहेर पडायला तोच एक मार्ग असतो. कंपनी अडचणीत येते ती विमान कोणाच्या पैशाने घेतले, तो पैसा कोणत्या महिन्यात लागणार आणि जुने विमान नक्की कधी जाणार, हे न ठरवता सही केल्यामुळे. २००५ आणि २०२३ मधला फरक मला तिथेच दिसतो.

बातमीत येतो तो आकडा छापील किमतीचा. त्या किमतीत विमान कोणी घेत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला ते जवळपास निम्म्या भावातही पडते. सही करताना फारच थोडी रक्कम द्यावी लागते, एखादा टक्का. खरे हप्ते सुरू होतात विमान मिळण्याच्या साधारण दोन वर्षे आधी. त्यांना आमच्याकडे पीडीपी म्हणतात आणि विमान ताब्यात येईपर्यंत ते किमतीच्या पंधरा ते तीस टक्क्यांपर्यंत जातात. उरलेली रक्कम ताबा घेताना एकरकमी द्यायची असते. ती बँकेच्या कर्जातून येते, अमेरिकी किंवा युरोपीय निर्यात-कर्ज संस्थांच्या हमीवर येते, किंवा विमान त्याच दिवशी लीझिंग कंपनीला विकून तिच्याकडूनच भाड्याने घेतले जाते. म्हणजे ऑर्डर देणे आणि पैसे मोजणे यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. आज तोटा असला तरी ऑर्डर देता येते. हप्ते सुरू होतील तेव्हा ते भरायला कोण उभे असेल, हे मात्र आजच ठाऊक असायला हवे.

आता २००५-०६ कडे वळू. एअर इंडियाची मूळ योजना, जानेवारी २००४ मधली, २८ विमानांची होती. सरकारने फेरविचार करायला सांगितले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत ती ६८ वर गेली: आठ ७७७-२००एलआर, पंधरा ७७७-३००ईआर, सत्तावीस ७८७ ड्रीमलायनर आणि एअर इंडिया एक्स्प्रेससाठी अठरा ७३७-८००. इंडियन एअरलाइन्सच्या ४३ एअरबसचा विचार त्याच्याही कितीतरी आधीपासून, १९९०च्या दशकापासून चालला होता. दोन्ही मिळून खर्च चाळीस हजार कोटी रुपयांच्या वर. त्यात सरकारकडून भागभांडवल किती यायचे होते? इंडियन एअरलाइन्ससाठी ३२५ कोटी. बाकी जवळजवळ सगळे कर्ज, आणि ते विमानांच्या कमाईतून फिटणार हे गृहीत धरलेले. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या रचनेला सुरुवातीपासूनच अनर्थाला निमंत्रण देणारी म्हटले. शब्द कठोर आहेत, पण माझ्या मते अचूक आहेत.

या व्यवसायात नफ्याचा थर इतका पातळ असतो की कर्जाचा हप्ता ठरलेला आणि कमाई मात्र तेलाच्या भावावर, डॉलरवर आणि स्पर्धकाच्या सेलवर अवलंबून, असे फार दिवस चालत नाही. भांडवल जवळ असेल तर वाईट वर्ष सोसता येते. नसेल तर वाईट वर्षाचा हप्ता भरायला आणखी कर्ज काढावे लागते. नेमके तेच झाले. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण, जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरवर, पाठोपाठ जागतिक मंदी. २००५ च्या अखेरीस डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, तो ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ च्या वर गेला. विमानाचे कर्ज डॉलरमध्ये असते, देशांतर्गत तिकीट मात्र रुपयांत विकले जाते. एकत्रित कंपनीचा तोटा २००७-०८ मध्ये २,२२६ कोटी होता, तो २०११-१२ मध्ये साडेसात हजार कोटींच्या पुढे गेला.

तरीही ती सगळीच विमाने चुकीची होती असे मी म्हणणार नाही. ४३ एअरबस कंपनीत सहज सामावल्या. इंडियन एअरलाइन्सकडे १९८९ पासून ए३२० होतीच. वैमानिक त्याच कुळातले, अभियंत्यांना यंत्रणा पाठ, फक्त इंजिन वेगळे. अवघड प्रकरण होते लांब पल्ल्याच्या विमानांचे, आणि त्यातही ७७७-२००एलआरचे. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा याच विमानाने सुरू झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता. तांत्रिकदृष्ट्या ते अप्रतिम विमान आहे. पण पंधरा-सोळा तास हवेत राहायचे तर सुरुवातीला टाक्यांत भरलेले इंधन वाहून नेण्यासाठीच पुष्कळ इंधन जळते. वर आसने अडीचशेपेक्षाही कमी. तेल महागले की असा मार्ग पूर्ण भरूनही तोट्यात जाऊ शकतो. शेवटी आठांपैकी पाच विमाने २०१३-१४ मध्ये अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला विकावी लागली. सात वर्षेही न झालेली विमाने विकावी लागणे म्हणजे ती घेताना मार्गांचा हिशेब झाला नव्हता, असाच अर्थ मी काढतो.

बाहेरच्या माणसाला सहसा न दिसणारा एक भाग आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसा तिथेच गळतो. तो म्हणजे जुनी आणि नवी विमाने एकाच वेळी सांभाळण्याचा काळ. नवे घर वेळेत बांधून झाले नाही की जुन्याचे भाडे आणि नव्याचा हप्ता दोन्ही भरावे लागतात, तशीच ही गत. सुट्या भागांचे दोन साठे लागतात. वैमानिकाला नव्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची परवानगी, घ्यायची तर तो काही महिने सिम्युलेटरवर आणि प्रशिक्षण उड्डाणांवर जातो. तेवढा काळ तो कमाईच्या उड्डाणाला मिळत नाही, पगार मात्र चालू असतो. नवे विमान आले पण वैमानिक तयार नाहीत म्हणून विमानतळावरच्या उभ्या करायच्या जागेवर, एप्रनवर, उभे, आणि जुने जायला हवे होते पण नव्याला उशीर म्हणून त्याचा भाडेपट्टा चढ्या दराने वाढवलेला, हे दृश्य मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे.

ड्रीमलायनरच्या बाबतीत हे टोकाला गेले. एअर इंडियाला पहिले ७८७ मिळायचे होते २००८ मध्ये. मिळाले सप्टेंबर २०१२ मध्ये. तो दोष बोइंगचा होता, पण मधल्या चार वर्षांत ज्या मार्गांवर ही विमाने जायची होती तिथे कधी मोठे ७७७ रिकाम्या आसनांसह धावत होते, तर काही मार्ग आखाती कंपन्यांनी व्यापले. त्यात विलीनीकरण कागदावरच राहिलेले. दोन्हींची उड्डाणे एकाच क्रमांक-कोडखाली यायला २०११ उजाडले. मग नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला, पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांना की इंडियन एअरलाइन्सच्यांनाही, यावरून मे २०१२ मध्ये संप झाला. तो ५८ दिवस चालला. विमान अजून आलेलेही नव्हते. पुढे जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या दोषामुळे जगभरातली सगळी पन्नास ड्रीमलायनर जमिनीवर आली. त्यांत एअर इंडियाची सहा होती. ताफा बदलणे हे खरेदी विभागाचे काम मानले जाते, पण ते तितकेच सेवाज्येष्ठतेच्या याद्यांचे आणि कामगार संघटनांशी आधी बोलून घेण्याचे काम आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: जुनी विमानेच का चालवू नयेत? चालवावीत, जरूर चालवावीत, पण हिशेब करून. जुने विमान म्हणजे धोकादायक विमान, असे नाही. ठरलेल्या तपासण्या वेळेवर आणि पूर्ण झाल्या तर वीस वर्षांचे विमानही तितक्याच निर्धास्तपणे उडते. वय वाढते तसा खर्च वाढतो. सी-चेकमध्ये, म्हणजे विमान उघडून होणाऱ्या मोठ्या तपासणीत, गंज निघतो, लँडिंग गिअर साधारण दहा-बारा वर्षांनी ओव्हरहॉलला जाते, आणि एका इंजिनाच्या शॉप व्हिजिटला, म्हणजे कार्यशाळेत उतरवून केलेल्या मोठ्या दुरुस्तीला, तीस-चाळीस कोटी रुपये सहज लागतात.

ए३२०चा एक ढोबळ हिशेब मांडतो. जुने विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. रोज बारा तास उडाले तर महिन्याला नऊशे टन. नव्या इंजिनाचे ए३२० निओ पंधरा टक्के वाचवते असे धरले तर सुमारे १३५ टनांची बचत. आपल्याकडच्या इंधनाच्या भावाने ती दीड कोटी रुपयांच्या आसपास जाते. नव्या आणि बारा-पंधरा वर्षांच्या विमानाच्या मासिक भाड्यातला फरकही साधारण तेवढाच असतो. वर सुरुवातीच्या वर्षांत देखभाल कमी लागते, म्हणून नवे विमान फायद्याचे. पण तेच विमान रोज आठच तास उडाले तर इंधनाची बचत एक कोटीवर येते आणि गणित उलटते. म्हणून अमेरिकेत डेल्टाने कित्येक वर्षे स्वस्तात जुनी एमडी-९० आणि बोइंग ७१७ विमाने गोळा केली, ती कमी तास उडवली आणि त्यात कमावलेही. तिच्याकडे अटलांटात स्वतःचे जबरदस्त देखभाल केंद्र होते आणि विमाने फुकापासरी मिळत होती.

भारतात हे गणित नव्या विमानाकडे झुकते, कारण विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा बऱ्याचदा चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यावर राज्यांचा व्हॅट. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्के होता. २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ टक्क्यांवर आणला. मुंबईतून दिवसाकाठी अनेक उड्डाणे करणाऱ्या कंपनीला या सात टक्क्यांचे मोल विचारून पाहा.

पैशाच्या चणचणीत असलेल्या कंपनीकडे जुनी विमाने असली की आणखी एक प्रकार सुरू होतो आणि तो मला फार अस्वस्थ करतो. सुटा भाग विकत घ्यायला पैसे नसतात, म्हणून उभ्या असलेल्या एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावतात. नोंद नीट ठेवली तर हे नियमबाह्य नाही. पण हळूहळू ते उभे विमान सांगाडा होऊन जाते. भाडेपट्टा संपल्यावर ते परत करायचे असते तेव्हा लीझिंग कंपनी प्रत्येक भागाचा जन्मापासूनचा कागद मागते. मी ज्या एका परतीच्या कामावर होतो तिथे इंजिनाच्या काही फिरत्या भागांचा इतिहास अर्धवट होता. भाग चांगले होते, पण कागद नाही म्हणजे त्या भागाची किंमत शून्य. विमान परत घेतले जाईना आणि कागदांचा शोध चालू असताना भाडे चालूच राहिले. जुने विमान चालवून वाचवलेला पैसा असा एका फटक्यात परत जातो.

नवे विमान घेतले की सुटलो, असेही नाही. गो फर्स्टकडे तरुण ए३२० निओ होती. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दुखण्यापायी त्यांतली निम्मी जमिनीवर आली आणि मे २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर जे घडले त्याची किंमत इतर भारतीय कंपन्यांनी मोजली. दिवाळखोरी कायद्याच्या स्थगितीमुळे लीझिंग कंपन्यांना स्वतःची विमाने वर्षभर परत मिळेनात. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर सुटका झाली. विमान भाड्याने घेणारी कंपनी बुडाली तर ते मालकाला परत मिळावे यासाठीचा आंतरराष्ट्रीय केप टाउन करार भारताने २००८ मध्येच स्वीकारला होता, पण त्याला बळ देणारा देशातला कायदा नव्हता. तो २०२५ मध्ये झाला. आपले विमान अडकू शकते असे ज्या देशाबद्दल वाटते, तिथे लीझिंग कंपनी भाडे आणि अनामत दोन्ही वाढवून मागते. अडचणीतल्या कंपनीला हा जादा भार सर्वाधिक जाणवतो.

विकून परत भाड्याने घेण्याच्या पद्धतीबद्दलही सावध करतो. इंडिगोने २००५ मध्ये एकदम शंभर ए३२० मागवली, घाऊक सवलत मिळवली, विमाने आली तशी लीझिंग कंपन्यांना विकली आणि भाड्याने चालवली. उत्तम चालले, कारण विमानाचा प्रकार एक, वापर भरपूर आणि खर्च काटेकोर. पण विक्रीतून हातात येणारी रक्कम हा धंद्यातला नफा नसतो. ती पगाराला आणि तेलाच्या बिलाला वापरायची सवय लागली की पुढचे विमान केवळ रोख मिळावी म्हणून घेतले जाते. भाडे मात्र दहा-बारा वर्षे डोक्यावर राहते. एखादी कंपनी गरजेपेक्षा भराभर विमाने घेताना दिसली की मी आधी तिच्या रोख प्रवाहाचे पान उघडतो.

आता २०२३. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली तेव्हा तिच्यावर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. त्यातले ४६,२६२ कोटी सरकारच्या वेगळ्या कंपनीकडे गेले आणि टाटांकडे आले १५,३०० कोटी. नरिमन पॉइंटची इमारतही त्या वेगळ्या कंपनीकडेच राहिली आणि पुढे महाराष्ट्र सरकारने ती १,६०१ कोटींना घेण्याचे ठरवले. म्हणजे जुन्या खरेदीचा बहुतेक भार करदात्याने उचलला. २०२३ चे कौतुक करताना हे विसरणे मला पटत नाही. नव्या मालकाला हलका झालेला ताळेबंद मिळाला आणि पाठीशी भांडवल घालू शकणारा समूह होता. २००५ मध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तोटा दोन्ही वेळी होता, पण तो सोसणारे भांडवल एकाच वेळी होते.

दुसरे, ४७० चा आकडा दिसायला मोठा असला तरी सुरुवात उपलब्ध विमानांपासून झाली. डेल्टाने निवृत्त केलेली ७७७-२००एलआर भाड्याने आणली. रशियाच्या एअरोफ्लोतसाठी बनलेली सहा ए३५०-९०० निर्बंधांमुळे मोकळी झाली होती, ती घेतली. पहिले डिसेंबर २०२३ मध्ये आले आणि त्याचा वित्तपुरवठा गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या वित्तकेंद्रातून झाला. चिनी कंपन्यांसाठी बनून पडून राहिलेली ७३७ मॅक्स एअर इंडिया एक्स्प्रेसला मिळाली. दुसऱ्याच्या अडचणीतून मोकळी झालेली विमाने हेरणे हे या धंद्यातले मोठे कसब आहे. जुन्या ७८७ आणि ७७७ च्या अंतर्भागासाठी ४० कोटी डॉलर बाजूला काढले, तेही योग्यच होते. प्रवाशाला विमानाचे वय कळत नाही, मोडकी खुर्ची आणि समोरचा बंद पडलेला स्क्रीन कळतो. पण जगभर आसनांचा तुटवडा असल्याने ते काम रेंगाळले, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश बंद झाल्याने अमेरिका-युरोपचे मार्ग लांबले. त्यामुळे ही खरेदी यशस्वी झाली असे म्हणायला मी अजून तयार नाही. तिची रचना २००५ पेक्षा कितीतरी बरी आहे, एवढे खात्रीने म्हणतो.

तोट्यात असताना ऑर्डर दिल्याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकन एअरलाइन्सचे आहे. तिच्याकडे तेल पिणारी एमडी-८० विमाने शेकड्यांनी होती. जुलै २०११ मध्ये तिने एअरबस आणि बोइंगकडे मिळून ४६० विमाने मागवली आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. पण पहिल्या २३० विमानांचा १३ अब्ज डॉलरचा वित्तपुरवठा तिने उत्पादकांकडूनच कबूल करून घेतला होता. दिवाळखोरी चालू असतानाही नवी विमाने येत राहिली आणि जुने भाडेपट्टे न्यायालयाच्या छत्राखाली मोडता किंवा घासाघीस करून कमी करता आले.

उद्या अशा एखाद्या कंपनीने मला बोलावले तर मी विमानांची माहितीपुस्तके बाजूला ठेवून पुढच्या तीन वर्षांतल्या मोठ्या तपासण्यांचे आणि इंजिनांच्या शॉप व्हिजिटचे वेळापत्रक मागेन. ज्या विमानाची मोठी तपासणी वर्षभरात आहे ते त्याआधीच निरोप द्यायच्या यादीत पहिले. जिथे वर्षा-दीड वर्षाचाच प्रश्न आहे तिथे दुरुस्तीऐवजी थोडे आयुष्य उरलेले इंजिन भाड्याने आणून लावेन. मग विमानांचे प्रकार कमी करेन, चारांचे दोन झाले तरी वैमानिक आणि सुट्या भागांत मोठी बचत होते. नवी ऑर्डर द्यायची तर तारखा पुढे ढकलण्याचा हक्क करारात लिहून घेईन, त्यासाठी किमतीतली थोडी सवलत सोडावी लागली तरी चालेल. आणि उशिराची भरपाई उत्पादकाकडून रोख मागेन, पुढच्या खरेदीवरच्या सवलतीच्या रूपात नाही. मालकाने भागभांडवल आधी खात्यात जमा केले नसेल तर पीडीपीचा पहिला हप्ता जाऊ देणार नाही. नव्या ताफ्याच्या प्रशिक्षणाची ज्येष्ठता यादी वैमानिक संघटनेच्या सहीसह हातात आल्याशिवाय ताबा घेण्याची तारीखही ठरवणार नाही.

यापुढे कोणत्याही कंपनीच्या मोठ्या ऑर्डरची बातमी वाचाल तेव्हा विमानांच्या संख्येकडे नंतर पाहा. त्या वर्षी मालकांनी नवे भांडवल किती घातले, कोणती विमाने कोणत्या तारखेला ताफ्यातून जाणार, आणि पहिल्या पाच वर्षांतल्या ताब्यांसाठी वित्तपुरवठा ठरला आहे का, हे शोधा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वार्षिक अहवालात बहुधा सापडते. उरलेल्या दोन्हींबद्दल कंपनी मौन बाळगत असेल, तर तिच्या समभागात किंवा मुदत ठेवीत स्वतःचे पैसे घालण्याआधी थांबा.